ब्युनोस आयर्स तीन दिवसांत: आधी वार ठरवा, मग ठिकाणं

दक्षिण अमेरिकेच्या सहलीत लोक माचू पिचूला, इग्वासूच्या धबधब्याला, रिओच्या किनाऱ्याला भरपूर दिवस देतात. ब्युनोस आयर्सच्या वाट्याला उरतात ते मधले दोन-तीन दिवस. तेवढ्यात हे शहर छान बघून होतं, फक्त ठिकाणांची यादी करण्याआधी कॅलेंडर उघडायला हवं. इथल्या बऱ्याच गोष्टी वाराला बांधलेल्या आहेत. सान तेल्मो या जुन्या वस्तीतला रस्त्यावरचा बाजार रविवारीच भरतो. प्लासा दे मायो चौकातली, बेपत्ता मुलांच्या आयांची फेरी गुरुवारी दुपारी साडेतीनला असते. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद, तर माल्बा हे कलासंग्रहालय मंगळवारी बंद. सोमवारी सकाळी उतरून बुधवारी रात्री निघणाऱ्याला इमारती दिसतात, शहर दिसत नाही.

म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार धरा. गुरुवारी दुपारपर्यंत पोचता आलं तर सोन्याहून पिवळं. खालचा बेत त्याच हिशेबाने आखला आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिनाला जायला व्हिसा लागतो. दिल्लीत त्यांचा दूतावास आहे आणि मुंबईत वाणिज्य दूतावास. अमेरिकेचा वैध टुरिस्ट व्हिसा असलेल्या भारतीयांना ऑगस्ट २०२५ पासून वेगळ्या व्हिसातून सूट जाहीर झाली आहे. तुमचा व्हिसा त्या सवलतीत बसतो का, हे तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. ब्युनोस आयर्समध्ये उतरताना ती कोणी मागत नाही, पण मुंबईत परत उतरताना मागतात. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत अर्जेंटिनाही आहे आणि ब्राझीलही. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्या आईवडिलांना नेणार असाल तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा इस्तंबूलला बदलायचं आणि पुढचं विमान बहुधा रिओ किंवा साओ पाउलोला थांबून जातं. घरातून निघाल्यापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत दीड दिवस सहज जातो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. स्वस्त पडतं म्हणून ब्राझीलपर्यंत एक आणि पुढे दुसरं असं केलंत, तर सामान घ्यायला ब्राझीलमध्ये बाहेर पडावं लागेल आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर तिथेच अडाल.

आपली घड्याळं त्यांच्यापेक्षा साडेआठ तास पुढे असतात आणि ऋतू उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथला उन्हाळा, दमट आणि घामट, शिवाय जानेवारीत निम्मं शहर समुद्रावर सुट्टीला गेलेलं असतं. दिवाळीची सुट्टी मात्र बरोबर जमते. तेव्हा तिथे वसंत असतो आणि नोव्हेंबरात जॅकरँडा फुलून रस्तेच्या रस्ते जांभळे होतात. प्लग तिथे ऑस्ट्रेलियातल्यासारखा, तिरक्या चपट्या पिनांचा. अडॅप्टर इथूनच न्या.

पैसे

पेसोतले भाव मी मुद्दामच लिहीत नाही. २०२३ साली तिथे वर्षाचा महागाई दर २०० टक्क्यांच्या वर गेला होता. आता तो बराच उतरला असला तरी आज लिहिलेला आकडा तुम्ही जाईपर्यंत शिळा झालेला असेल. रुपये तिथे कोणी घेत नाही, डॉलरच न्यायचे, तेही १०० च्या नव्या, कोऱ्या नोटा. लहान नोटांना भाव कमी देतात, आणि शिक्का मारलेली, डाग पडलेली किंवा कोपरा फाटलेली नोट सरळ परत करतात. फ्लोरिदा या पायी फिरण्याच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर ‘काम्बियो, काम्बियो’, म्हणजे पैसे बदला, असं पुटपुटणारी माणसं उभी असतात. एकेकाळी सरकारी आणि काळ्या बाजाराच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक होता, म्हणून पर्यटकही त्यांच्याकडे जात. तो फरक आता फारसा उरलेला नाही, तेव्हा खोट्या नोटांची जोखीम कशाला घ्यायची? मोठ्या दुकानांत आणि हॉटेलांत कार्ड चालतं. बाजार, टिप आणि किरकोळ खरेदीसाठी थोडी रोकड जवळ असू द्या.

राहायचं कुठे, फिरायचं कसं

पहिल्यांदा जात असाल तर रेकोलेता किंवा पालेर्मो या भागांत राहा. दोन्हीकडे रात्री रस्त्यावर माणसं असतात. अगदी मध्यवर्ती कचेऱ्यांचा भाग नकाशावर सोयीचा दिसतो, पण शनिवार-रविवारी तो ओस पडतो, म्हणून तिथलं स्वस्त हॉटेल टाळा. सान तेल्मोला जुन्या घरांची मजा आहे, पण रात्री उशिरा चालत परतायला मला ते तितकंसं पसंत नाही.

पत्त्याची पद्धत एकदा कळली की नकाशा कमी लागतो. शहर बहुतेक ठिकाणी चौकटीत आखलेलं आहे. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या अंतराला ‘क्वाद्रा’ म्हणतात आणि तो साधारण १०० मीटरचा असतो. प्रत्येक क्वाद्र्याला घरांचे आकडे शंभराने वाढतात. सांता फे १८६० म्हणजे सांता फे रस्त्यावर १८०० ते १९०० या आकड्यांच्या क्वाद्र्यात. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते रिवादाविया हा हमरस्ता ओलांडला की नावच बदलतात. फ्लोरिदा रस्त्याने रिवादाविया ओलांडून गेलात की त्याचा पेरू होतो. टॅक्सीवाल्याला नुसता आकडा न सांगता जवळचा चौक सांगा, तिथे सगळे तसंच बोलतात.

प्रवासासाठी ‘सुबे’ कार्ड घ्या. कोपऱ्यावरच्या किओस्कोत किंवा मेट्रो स्टेशनवर मिळतं, तिथेच पैसे भरता येतात, आणि दोघा-तिघांत एक कार्ड पुरतं, तेवढ्या वेळा टेकवायचं. मेट्रोला तिथे ‘सुब्ते’ म्हणतात. १९१३ साली सुरू झालेली तिची ए लाईन लॅटिन अमेरिकेतली पहिली. या लाईनीवर एकदा तरी बसा आणि पेरू स्टेशनवर उतरून बघा, तिथली जुनी सजावट जपून ठेवली आहे. बस म्हणजे ‘कोलेक्तिवो’. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर ती निघून जाईल, हात दाखवावा लागतो. चढल्यावर ड्रायव्हरला कुठे उतरायचं ते सांगायचं, तो यंत्रात भाडं टाकतो, मग कार्ड टेकवायचं. रात्री मात्र ॲपवरची टॅक्सी बरी. एसेइसा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे, तिथूनही पहिल्या दिवशी टॅक्सीच करा. इतक्या लांबच्या प्रवासानंतर बॅगा घेऊन बस शोधण्यात शहाणपण नाही.

शुक्रवार: जुनं शहर, पायी

सुरुवात प्लासा दे मायोपासून. स्थानिक उच्चार ‘माशो’, तेव्हा मेट्रोतल्या घोषणेत ‘मायो’ ऐकू आलं नाही तर गोंधळू नका. चौकाच्या एका टोकाला गुलाबी रंगाचा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, कासा रोसादा. दुसऱ्या टोकाला स्पॅनिश काळातलं पांढरं काबिल्दो, म्हणजे तेव्हाचं नगरभवन. बाजूला बारा खांबांचं कॅथीड्रल, बाहेरून ग्रीक देवळासारखं. पोप होण्याआधी फ्रान्सिस इथेच आर्चबिशप होते. आत अर्जेंटिनाला स्पेनपासून सोडवणारे सेनानी सान मार्तिन यांची समाधी आहे आणि तिच्यापाशी गणवेशातले शिपाई पहाऱ्याला असतात.

चौकाच्या मधोमध एक लहान स्तंभ आहे. त्याच्याभोवती फरशीवर पांढऱ्या रुमालांची चित्रं रंगवलेली दिसतील. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो तरुण मुलंमुली उचलून नेली गेली आणि परत आली नाहीत. मानवाधिकार संघटना हा आकडा ३० हजार सांगतात. एप्रिल १९७७ मध्ये काही आया आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारायला या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती, पोलिसांनी ‘चालत्या व्हा’ म्हटलं, म्हणून त्या स्तंभाभोवती चालू लागल्या. एकमेकींची ओळख पटावी म्हणून डोक्याला बांधलेलं पांढरं फडकं मुळात बाळांच्या कापडी लंगोटाचं होतं. ती फेरी आजही दर गुरुवारी निघते. गुरुवार मिळाला तर बाकी सगळं बाजूला ठेवून इथे या. कडेला उभं राहा, आणि कोणाच्या चेहऱ्यासमोर फोन धरू नका.

इथून आवेनिदा दे मायोने सरळ पश्चिमेला चालायचं. वाटेत १८५८ पासूनचं काफे तोर्तोनी लागतं. दुपारी बाहेर पर्यटकांची रांग असते, सकाळी लवकर गेलात तर जागा मिळेल. रांग मोठी असेल तर खुशाल पुढे चला. शहरात जुन्या काफेंची अधिकृत यादीच आहे, तशी काफे कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतात आणि एका कॉफीवर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. पुढे पालासियो बारोलो. १९२३ साली पूर्ण झालेली ही इमारत मारियो पालान्ती या इटालियन वास्तुरचनाकाराने दान्तेच्या महाकाव्याच्या आराखड्यावर बांधली: खाली नरक, मधल्या मजल्यांवर शुद्धिलोक, वर स्वर्ग. काव्याचे सर्ग शंभर आणि उंचीही १०० मीटर. माथ्यावर चक्क दीपगृह आहे. लहानशा लिफ्टने आणि अरुंद जिन्याने तिथवर नेतात. संध्याकाळची फेरी घ्या, पण आरक्षण आधी करा. शहर उंचावरून बघायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मग नऊ जुलैच्या अवाढव्य रस्त्याकडे वळा. तो एका सिग्नलमध्ये ओलांडून होत नाही, मधल्या दुभाजकावर थांबावं लागतं. ओबेलिस्को हा ६७ मीटरचा स्तंभ १९३६ चा. फोटो काढायचा आणि पुढे निघायचं, त्यात आणखी काही नाही. जवळच तेआत्रो कोलोन हे १९०८ साली उघडलेलं ऑपेरागृह आहे. दिवसा माहितीफेरी असते, पण कार्यक्रमाचं तिकीट मिळालं तर फेरीवर पैसे घालवू नका. सर्वांत वरच्या मजल्याला ‘पाराइसो’, म्हणजे स्वर्ग, म्हणतात. तिथली उभ्याने ऐकायची तिकिटं सर्वांत स्वस्त.

शनिवार: रेकोलेता आणि पालेर्मो

रेकोलेताची दफनभूमी १८२२ सालची. परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे. आत गल्ल्या, चौक आणि दोन्ही बाजूंना हजारो संगमरवरी समाधीघरं. बहुतेक जण एवा पेरोनची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या लोकप्रिय पत्नीची, समाधी शोधत येतात. ती भव्य असेल असं समजून शोधाल तर चुकाल. एका अरुंद बोळात काळ्या ग्रॅनाइटची, ‘दुआर्ते कुटुंब’ असं लिहिलेली ती आहे, आणि दाराच्या जाळीत खोवलेल्या फुलांवरून ओळखू येते. एवा १९५२ मध्ये ३३ व्या वर्षी वारली. १९५५ च्या लष्करी उठावानंतर तिचा जतन केलेला देह गायब करण्यात आला, मिलानमध्ये दुसऱ्याच नावाने पुरला गेला, १९७१ मध्ये स्पेनमध्ये तिच्या नवऱ्याच्या हवाली झाला आणि १९७६ मध्ये इथे, जमिनीत खोल, पोलादी पत्र्यांखाली ठेवला गेला. ज्या उच्चभ्रूंना तिने आयुष्यभर शिंगावर घेतलं, त्यांच्याच शेजारी.

हे उच्चभ्रू मूळचे इथले नव्हेत. त्यांचे वाडे दक्षिणेला सान तेल्मोत होते. १८७१ मध्ये पिवळ्या तापाची भयंकर साथ आली आणि ज्यांना परवडलं ते उत्तरेला उंचावर पळाले. आपण ज्याची लस टोचून आलो त्या तापानेच या शहराचे श्रीमंत आणि गरीब असे दोन भाग केले. उद्या दुसरा भाग बघायचा आहे.

इथून सांता फे रस्त्यावर एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड. १९१९ चं नाट्यगृह, २००० पासून पुस्तकांचं दुकान. छतावरची चित्रं, सज्जे, मखमली पडदा सगळं तसंच, आणि रंगमंचावर काफे. पुस्तकं जवळपास सगळी स्पॅनिश, तरी अर्धा तास मोडतोच. दुपारी माल्बा: मेक्सिकोच्या फ्रिदा कालोचं आत्मचित्र आणि ब्राझीलच्या तार्सिला दो आमारालचं ‘आबापोरू’ इथे आहे. मग पालेर्मोच्या बागा. गुलाबांचा बगीचा वसंतात बघण्यासारखा, जपानी बाग वेळ कमी असेल तर सोडली तरी चालेल.

रात्री मिलोंगा, म्हणजे लोक स्वतः टँगो नाचायला जमतात ती जागा. पर्यटकांसाठीचे जेवणासकट टँगो शो महाग असतात आणि झगमगाटी. मला ते कधी भावले नाहीत. मिलोंगात साध्या तिकिटावर बसून बघता येतं. बेलग्रानोच्या बागेतल्या ‘ला ग्लोरिएता’ या उघड्या मंडपात तर तिकीटही नाही. बसल्या बसल्या एक गोष्ट निरखा. कोणी कोणाला तोंडाने ‘नाचतेस का’ विचारत नाही. लांबूनच नजर मिळते, मान किंचित हलते, समोरून होकार आला तरच माणूस उठतो. नकार म्हणजे नुसती नजर फिरवणं, त्यामुळे चारचौघांत कोणाचा पाणउतारा होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच झाला की मध्ये भलतंच संगीत वाजतं आणि जोड्या सुटतात. नाचता येत नसेल तर इकडेतिकडे रोखून पाहू नका, नाहीतर बोलावणं समजून कोणी समोर येऊन उभं राहील.

रविवार: ला बोका आणि सान तेल्मो

सकाळी आधी ला बोका. मेट्रो तिथे जात नाही, २९, ६४ किंवा १५२ क्रमांकाची बस जाते. गोदीत काम करणाऱ्या इटालियन लोकांची ही वस्ती, पत्र्याची घरं बोटींच्या उरलेल्या रंगांनी रंगवलेली. कामिनितो ही गल्ली बेनितो किन्केला मार्तिन या तिथल्याच चित्रकाराच्या पुढाकाराने सजली आणि १९५९ पासून उघडं संग्रहालय झाली. आता ती पूर्ण पर्यटकी आहे. टँगोच्या वेशातली जोडपी फोटोला बोलावतात आणि मग पैसे मागतात, भाव आधी विचारा. तासभर पुरे. कामिनितो आणि बोम्बोनेरा हे फुटबॉलचं स्टेडियम यांच्या मधल्या वर्दळीच्या रस्त्याबाहेर जाऊ नका, फोन खिशात ठेवा आणि अंधाराच्या आत निघा. सामन्याच्या दिवशी हा बेतच रद्द करा, रस्ते बंद असतात.

अकरा-साडेअकराला सान तेल्मो. देफेन्सा रस्ता पार प्लासा दे मायोपर्यंत बाजाराने भरतो: जुने सोड्याचे निळे-हिरवे सायफन, माते हा तिथला चहासारखा काढा प्यायच्या चांदीच्या नळ्या, ग्रामोफोन, कोणाच्या तरी आजीचे हातमोजे. जुन्या खऱ्या वस्तू दोरेगो चौकात, नवा माल रस्त्यावर, हे लक्षात ठेवून घासाघीस करा. चिले रस्त्याच्या कोपऱ्यावर बाकावर मफाल्दा बसलेली आहे, किनोच्या चित्रमालिकेतली ती आगाऊ मुलगी. तिच्याबरोबर फोटोला लहान मुलांची रांग असते. ऊन चढलं की १८९७ च्या लोखंडी छताच्या मंडईत शिरा. संध्याकाळी बाजार आवरला की बऱ्याचदा दोरेगो चौकातच टँगो सुरू होतो.

खाण्याचं

मांसाहारी मंडळींना काही सांगायची गरज नाही, कुठल्याही ‘पारिया’त, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजणाऱ्या खानावळीत, शिरा. फक्त बीफ खात नसाल तर कोंबडी मागून घ्या, कारण ‘कार्ने’ म्हणजे तिथे गायीचंच मांस.

शाकाहारींनी डोळे उघडे ठेवायचे. ‘सिन कार्ने’ सांगितलं तरी हॅम येऊ शकतं, त्याची गणती ते मांसात करत नाहीत. ‘सिन खामोन’ वेगळं सांगा. एम्पानादांत, म्हणजे करंजीसारख्या सारण भरलेल्या पदार्थांत, चीज-कांद्याची आणि मक्याची, ‘हुमिता’, चांगली. मात्र पारीत चरबी आहे का ते विचारा. सकाळच्या अर्धचंद्राकार मेदियालुना दोन प्रकारच्या: ‘दे मान्तेका’ लोण्याची आणि ‘दे ग्रासा’ चरबीची. पहिलीच घ्या. कोरिएंतेस रस्त्यावरच्या १९३२ पासूनच्या गुएरिनमध्ये उभ्यानेच फुगासेता खा, कांदा आणि ओघळणाऱ्या चीजचा जाडजूड पिझ्झा. त्याच्यावर ‘फाइना’चा तुकडा ठेवून खातात. ती हरभऱ्याच्या पिठाची असते, भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच म्हणा. तिखट कुठेच नाही. मांसाबरोबर देतात ती चिमिचुरी ही हिरवी चटणीही तिखट नसते, तेव्हा चटणीची पुडी बरोबर असू द्या.

आठच्या आधी रात्रीचं जेवण मिळत नाही, स्थानिक लोक नऊ-साडेनऊनंतरच येतात. बिलात ‘कुबिएर्तो’ म्हणून ब्रेड आणि काट्याचमच्यांचे पैसे लावतात, ती टिप नव्हे. टिप दहा टक्के वेगळी. नळाचं पाणी पिण्यालायक आहे.

थोडी सावधगिरी

मोटरसायकलवरून फोन हिसकावणं हा तिथला नेहमीचा प्रकार. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरून बघा. अंगावर काहीतरी चिकट उडालं आणि एखादी भली व्यक्ती रुमाल घेऊन पुसायला धावली, तर थांबू नका. एक जण पुसतो, दुसरा बॅग उचलतो. रेतिरो आणि कोन्स्तितुसियोन या मोठ्या स्टेशनांबाहेर रेंगाळू नका.

अर्धा दिवस उरला तर

कोलोनियाची फेरीबोट सगळे सुचवतात, पण तो उरुग्वे, दुसरा देश. व्हिसा आणि पुन्हा प्रवेश यांचा हिशेब बसत नसेल तर विसरा. त्यापेक्षा रेतिरोहून मित्रे लाईनची लोकल पकडा. तासाभरात तिग्रे येतं, तिथून पाराना नदीच्या त्रिभुज प्रदेशात लाकडी लाँचने फिरता येतं. याच लाईनीवर आधी सान इसिद्रो लागतं. पेरूला निघालेले रवींद्रनाथ टागोर नोव्हेंबर १९२४ मध्ये आजारी पडून इथे राहिले होते, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोच्या पाहुणचारात. ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी तिला ‘विजया’ या नावाने अर्पण केला. ते राहिले ते नदीकाठचं घर वेगळं, पण तिचा स्वतःचा वाडा, व्हिला ओकाम्पो, बेक्कार स्टेशनजवळ आहे आणि ठरावीक दिवशी पाहायला खुला असतो.

निघताना तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. शहराला दोन आहेत: नदीकाठचा आएरोपार्के आणि लांबचा एसेइसा. शुक्रवारी संध्याकाळी एसेइसाच्या रस्त्यावर तुंबळ गर्दी असते. उरलेले पेसो भारतात कोणी बदलून देणार नाही, ते किओस्कोत आल्फाखोर बिस्किटांवर संपवा. दुल्से दे लेचेची, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची, बरणी घेतलीत तर मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ती द्रव धरतात आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतात.